उशी

दिवाडीला जाणारी फेरीबोट
सात मिनिटांत पैलतीराला लागते.
सात मिनिटांत काय होतं?
फार तर तेर्साची दोन दशकं,
तीही घाईघाईने, मणी गिळत.

मांडीवर पेजेचा डबा, अजून गरम,
लिबेरातामावशीसाठी. तिच्या पायांनी
तीन वर्षांपूर्वी काम सोडलं.
पिशवीत वेदीची कापडं, इस्त्री केलेली,
कुणाच्या तरी साखरेच्या गोळ्या,
कुणाचा पेन्शनचा फॉर्म,
आणि पर्समध्ये पाद्रीबाबांची चिठ्ठी:
नाताळाआधी आजाऱ्यांची यादी हवी.
तुझ्याशिवाय कोण करणार, फ्लाव्हियाना?

तुझ्याशिवाय कोण.
हे दोन शब्द वीस वर्षं
पदकासारखे गळ्यात घालून हिंडते मी.
उन्हात तापतात.
रात्री काढू म्हटलं तर
कातडीला चिकटलेले असतात.

एव्हारिस्त जहाजावरून सुट्टीला यायचा
तेव्हा म्हणायचा,
अगं, देवानेसुद्धा सातव्या दिवशी हात पुसले,
तू अजून भांडी घासतेस.
मी म्हणायचे, देवाकडे पाहुणे नव्हते.
तो हसायचा, आणि एकटाच
बाल्कावावर जाऊन बसायचा.
दोन माणसांचा बाल्काव.
आता माझ्याकडे सगळ्यांसाठी वेळ आहे.

इंजिनाशेजारच्या बाकावर बसले.
डोळे मिटले ते प्रार्थनेसाठी.
खरंच, प्रार्थनेसाठीच.

जागी झाले तेव्हा किनारा तोच होता,
स्कूटरी वेगळ्या.
खारफुटीवरचं ऊन बाजू बदलून बसलेलं.
रॅम्पची साखळी ओढता ओढता उल्हास म्हणाला,
पाच खेपा झाल्या, बाय.
अरे, मग उठवलं का नाहीस?
त्याने हात पँटला पुसले.
म्हणाला, तुम्ही घोरत होता.
कोण उठवणार?

माझ्या डोक्याखाली
घडी घातलेलं नारिंगी लाइफ जॅकेट.
ते मी ठेवलं नव्हतं.

मार्कने लिहून ठेवलंय:
वादळ सुटलं होतं, लाटा होडीत येत होत्या,
आणि तो मागल्या बाजूला उशीवर झोपला होता.
जन्मभर प्रवचनं ऐकली ती
त्याने दटावलेल्या वाऱ्यावर.
उशीवर एकही नाही.
मासे धरायच्या होडीत उशी आली कुठून?
कुणीतरी आणलीच असेल ना,
जाळी बाजूला सारून जागा केली असेल.
आणि काठावर त्या संध्याकाळी
गर्दी होतीच की तशीच मागे राहिलेली.
एखादी आई, तापलेलं पोर कडेवर,
उद्या ये म्हणून परतवलेली.
तिच्याबद्दल मार्क काही लिहीत नाही.
मला ती आई दिसते.
तरीही तो झोपला.

चढण चढले ती धापा टाकत, माफीची वाक्यं जुळवत.
लिबेरातामावशी खाटेवर बसून
शेजारच्या पोराने केलेली मॅगी खात होती,
हनुवटीवर पिवळा रस्सा, डोळे लकाकलेले.
डबा पाहून तिचा चेहरा किंचित पडला.
रोज रोज पेज, बाय, म्हणाली.
खरं सांगू? वीट आलाय.

तीन वर्षं.
सोमवार, बुधवार, शुक्रवार.
रडू येईल असं वाटलं, आलं हसू.
तिच्या खाटेच्या कडेला बसून
डबा उघडला, थंड पेज मीच खाल्ली,
खारातल्या कैरीच्या फोडीसकट.
मीठ जरा जास्तच पडलं होतं.
हेही तिने कधी सांगितलं नव्हतं.

अँजेलसची घंटा झाली. आम्ही दोघी
तोंड पुसून अर्धवट उभ्या राहिलो,
म्हणजे मी राहिले, ती मनाने.

यादी अजून करायची आहे.
गालावर जॅकेटच्या बकलाचा चौकोनी वळ
परतीच्या बोटीतही होता.
उल्हासला दिसला असणार.
मी तो चोळला नाही.