दात नाही

आधी जिभेला लावून बघते.
हसू नका. जुनं हाड असेल तर जिभेला चिकटतं,
त्यातली बारीक घरं अजून तहानलेली असतात.

भूगर्भशास्त्राशी माझा संबंध नाही.
नौपाड्यात, पिठाच्या गिरणीच्या माडीवर
एकतीस वर्षं कवळ्या करते.
मेण, प्लास्टर, गुलाबी अ‍ॅक्रिलिक.
कुणाचा सुळा किती घासायचा, म्हणजे तो
जन्मापासूनचा वाटेल, हे हाताला ठाऊक.
खोटं करता येतं, म्हणून खोटं दिसतं.
एवढ्या भांडवलावर लोक येतात.

कोपरीचा निमिष आला होता.
वाढदिवसाला स्वतःच स्वतःला
डायनासोरचा दात घेतलेला, सात हजारांचा, मोरोक्कोहून.
भिंगाखाली धरला. टोक मगरीचं:
उसाच्या कांडीसारखा गोल घेर,
दोन अंगांना दोन धारा, पण धारेला करवत नाही.
मांसखाऊ डायनासोरचा दात सुरीसारखा चपटा,
कडेवर नख फिरवलं तर कानशीसारखं खरखरतं.
खालचं मूळ म्हणजे वाळू आणि गोंद.
सुई तापवून टेकवली,
जळक्या बांगडीचा वास माडीभर.
म्हणाला, म्हणजे अर्धा तरी खरा ना?
मगर पूर्ण खरी आहे, म्हटलं. तिला कमी लेखू नकोस.

मंगळवारी मात्र तुर्भ्याहून यल्लाप्पा धोत्रे आले,
रुमालाच्या गाठी दातांनी सोडवत.
खाण बंद पडली त्या वर्षी, सुरुंगाचा धूर विरल्यावर,
काळ्या दगडाच्या पोकळीत हा एकटाच उभा होता म्हणे,
बोटाएवढा, मधाच्या रंगाचा.
तेव्हापासून पत्र्याच्या पेटीत, मुलीच्या दाखल्यांखाली.
विकायचा नाही, म्हणाले.
मला एवढंच कळू द्या,
मी कुणाची जागा फोडत होतो का?

जीभ लावली. चिकटला नाही.
भिंग लावलं. एनॅमल नाही, चमक आतून येणारी,
पापुद्र्यापापुद्र्यांची.
बुडाशी पोकळी नाही. मगरीच्या दाताला असते;
नवा दात तिथूनच जुन्याच्या पोटात शिरतो,
असे जन्मभर येत राहतात
(म्हणून मगर माझं गिऱ्हाईक नव्हे).
आणि झीज नाही, कुठेच नाही.
लिंबाचा थेंब टाकला. वाट बघितली.
हळूच फेस.

कॅल्साईट.
पारसिकच्या डोंगराचा दगड आगीचा.
लाव्हा निवताना त्यात बुडबुडे अडकले,
बुडबुड्यांत पाणी झिरपलं,
पाण्यानं घाई न करता हे टोक काढलं.
ती आग वाहत होती तेव्हा
कुठेतरी डायनासोरांच्या शेवटच्या पिढ्या असतीलही,
पण वितळत्या दगडात दात कोण ठेवून जाईल?
हे समजावता समजावता माझ्या दाताच्या कण्या झाल्या.
ते ऐकत होते, तोंडापुढे हात धरून.

म्हणजे नुसता दगडच फोडला मी?
नुसता दगड.
हात खाली आला. हसले.
वरचे पुढचे चार, त्यातला डावा किंचित वळवलेला.
माझ्या हातचे. चौदा वर्षं झाली असतील.
भिंग लागलं नाही.

चिठ्ठी मागितली, मुलगी विचारेल म्हणून.
लॅबच्या कागदावर लिहिलं: दात नाही.
तेवढंच बरं दिसेना,
शिक्क्याशेजारी जागा होती तिथे जोडलं: स्फटिक. अस्सल.
पैसे विचारले त्यांनी.
म्हटलं, कवळी सैल वाटली तर या.

रुमालानं फेस पुसला, उजेडात धरून पाहिला.
टोकाशी आता बारीकसा खड्डा होता,
माझ्या लिंबाचा.
दोघांनीही पाहिला.
त्यांनी गाठ मारली.