जहाज पाचला सुटतं

एकोणीस वर्षं जहाजाच्या पोटात चादरी धुतल्या.
वर समुद्र होता म्हणे.
आमच्या वाट्याला वाफ, स्टार्चचा वास
आणि भिंतीवर डकवलेला एक कागद:
किनारा-सुट्टी चार तास. जहाज पाचला सुटतं.
कुणासाठी थांबत नाही.

चार तासांत शहर कसं बघायचं, मला विचारा.
फाटकाबाहेर टॅक्सीवाले हाका मारतात.
मान खाली घालायची, शंभर पावलं चालायचं.
शंभर पावलांनंतर शहर
खऱ्या भावात बोलायला लागतं.
नेपल्सला रस्ता ओलांडला की झालं, चालतच.
पिरेयसहून मेट्रो.
दुब्रॉवनिकला बस, पण तिकीट टपरीवरच घ्यायचं,
ड्रायव्हरकडे महाग पडतं.
आणि घड्याळ जहाजाचं ठेवायचं, गावाचं नाही.
मालवणचा आमचा तोडणकर एका तासाच्या फरकानं
मार्सेलच्या धक्क्यावर राहिला,
हातात आइस्क्रीम, वितळत.

खरं सांगू? निम्मा वेळ मी
फुकटचं वायफाय मिळेल त्या पायरीवर बसून असायचो.
समोर कुठल्याशा संताचं चर्च,
कानात कालिंदी:
गॅस संपलाय, मोरी तुंबलीय,
आज चौदा साड्यांना फॉल लावले.
अथेन्सला टेकडीवर ते प्रसिद्ध खांब दिसत होते
आणि मी तिला सांगत होतो
मोरीत तार कुठल्या बाजूनं घालायची.

कायमचा परत आलो तेव्हा म्हणाली,
तुम्ही जग बघितलंत.
मी म्हटलं, तू पुणं तरी.
तिनं मशीन थांबवलं नाही.
घोरपडे पेठ ते रविवार पेठ, म्हणाली,
रिळं आणायला. बाकीचं पुणं
बसच्या पाटीवर वाचलंय.
धायरी, धानोरी, पाषाण.
नावं पाठ आहेत.

मग एका मंगळवारी मशीनवर टॉवेल टाकला.
म्हटलं, आज आपलं जहाज स्वारगेटला लागलंय.
दिवसाच्या पासासाठी कंडक्टरनं आधार मागितलं,
तिनं ते दोन्ही हातांनी पुढं केलं,
जसं मी परदेशी खिडकीत
खलाशाचं पुस्तक पुढं करायचो.
उतरताच रिक्षावाला: कुठं जायचंय, काका?
मी म्हटलं, मान खाली. शंभर पावलं.
ती हसली, पण मोजत चालली. मोठ्यानं.

सोमवार पेठेत, त्रिशुंड गणपतीच्या दाराशी
दगडात एक गेंडा आहे, साखळीनं बांधलेला.
देवाला हात जोडून झाल्यावरही
ती त्याच्यापुढून हलेना.
याला कुठल्या बंदरावर उतरवला असेल हो?
एवढ्या बंदरांवर उतरलो मी,
असलं काही कधी मनात आलं नाही.

पाताळेश्वराला फरशी थंडगार.
खांबाला टेकून दशम्या खाल्ल्या.
सवयीनं माझा हात खिशात गेला, फोन बाहेर आला,
आणि अंगठा तिच्या नावावर.
कोणाला लावताय? म्हणाली.
मी इथंच आहे.

समुद्र नाही तर नाही, पाणी तरी हवं
म्हणून बंडगार्डनला गेलो.
नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा, वास ओळखीचा,
एक बगळा त्यावर चालत होता तिकीट न काढता.
पावणेपाचला माझ्या पोटात कालवाकालव सुरू झाली.
पाच वाजता मी उभाच राहिलो.
भोंगा झाला नाही.
पुलावर कुणीतरी कुणालातरी
पुढं हो म्हणून हॉर्न मारत होतं, तेवढंच.

गेलं? तिनं विचारलं.
गेलं.

तिनं पाकिटातून पास काढला,
चष्मा नाकावर सरकवून उजेडाकडे धरला.
यावर तर रात्री बारापर्यंत लिहिलंय, म्हणाली,
आणि समोरून येणाऱ्या बसची पाटी वाचत:
धानोरीला काय आहे हो?