अडतीसच्या अलीकडे

आल्ताईच्या पायथ्याशी, इस्पितळाच्या मागच्या खोलीत
आम्ही तिघांनी रात्रभर जागून एक वाक्य लिहिलं:
ताप अडतीस किंवा वर,
डोळ्यांत नाहीतर हिरड्यांत रक्त,
आणि एकवीस दिवसांत मेंढ्यांशी संबंध.

'संबंध म्हणजे?' ल्हाग्वाजावने विचारलं.
इथे अंथरूण तिच्या लोकरीचं,
चूल तिच्या लेंड्यांची,
भिंतसुद्धा तिचीच, लाटून जाड केलेली.
मग आम्ही 'संबंध' खोडून 'लोकर कातरली असल्यास' केलं.
यादीतली सतरा माणसं कमी झाली.
त्यामुळे त्यांतलं कुणी बरं झालं नाही.

रोगाला नाव नव्हतं.
नाव ठेवायला वेळ लागतो,
नावं ठेवायला नाही लागत:
त्या खोऱ्यातली मोटरसायकल दिसली
की शंभर कोसांवरची दारंही लागायची.

चाचणी आली थंडी सरताना,
बर्फाच्या देशात बर्फाच्या डब्यातून.
शहाण्णव वाट्यांची पारदर्शक थाळी.
पिवळं झालं, तर आहे.
पण किती पिवळं?
यंत्र आकडा सांगायचं, रेघ आम्ही मारायची.
खाली ओढली की धडधाकट आत यायचे,
वर ढकलली की आजारी बाहेर.
कुठेही मारा,
कुणीतरी नेमकं रेघेवरच उभं.

सेव्जिद आली होती फार आधी,
वाक्य लिहिण्याच्याही आधी.
सदतीस पूर्णांक आठ.
मी गोळ्या दिल्या, घरी जा म्हटलं.
हातमोजे चढवत ती म्हणाली,
'हा नेहमीचा ताप नाही गं.
नेहमीचा मला ओळखतो.'

मी ते कुठेही लिहून ठेवलं नाही.
तिची नळी तेवढी फ्रीजमध्ये राहिली,
लेबलवर माझंच गिचमिड अक्षर.

शेवटची वाटी रिकामी होती,
तिच्यात मी सेव्जिदचा थेंब टाकला.
पंधरा मिनिटं.
मग आकडा बघायची गरजच उरली नाही.

तिच्या मुलाने खारट चहा ओतला.
सगळं ऐकून घेतलं. म्हणाला,
'मग आईला काय झालं होतं म्हणायचं?'
माझ्याकडे नमुन्याचा क्रमांक होता फक्त.
तो सांगितला.
त्याने हळूच म्हणून पाहिला, तीनदा,
तान्ह्याच्या कानात नाव सांगावं तसा.