रकाना

बॅलार्ड इस्टेटच्या दगडी इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर
आमचं मरीन क्लेमचं खातं.
एकवीस वर्षं मी तपासते
बाहेरून धड दिसणारे खोके :
पट्टी जागच्या जागी, शिक्का न तुटलेला,
आणि आत बुरशी धरलेला चहा.
आम्ही त्याला छुपं नुकसान म्हणतो.
वेळेत कळवलं नाही तर दावा फेटाळला जातो.

मार्चमध्ये ट्रेनिंगला एक बाई आल्या.
चाळीस प्रश्न विचारून त्यांनी आम्हांला रंग वाटले.
टिपणीस लाल. मी निळी.
निळी म्हणजे शांत, समजूतदार, टीमचा आधार.
टाळ्या वाजल्या.
साठेसाहेब तेवढ्यात म्हणाले,
"मग कांडल्याची फाईल कुंदाताईच करतील."
मी हसले. निळे लोक हसतात.

टिपणीस हसत नाही.
ती बोलायला लागली की कपबशा वाजतात.
तिच्यामुळे बायकांच्या संडासाला कडी लागली,
आणि तिच्यामुळेच
दोन वर्षं आम्हांला कुणी सहलीला विचारलं नाही.

एसीचं भांडण वेगळंच.
झरीन शाल लपेटून बसते, नाक लाल.
मला मात्र अकराला, तीनला,
ब्लाउजच्या पाठीतून कुणी इस्त्री फिरवतं.
मी जिन्यात जाऊन उभी राहते
कठड्याच्या लोखंडाला मनगटं लावून.
विचारलं तर सांगते, फोन आला होता.

मग ती नर्स आली, कॉन्फरन्स रूममध्ये,
बिस्किटांच्या ताटाशेजारी यंत्र मांडून.
टिपणीस : एकशे अठरा, शहात्तर.
मी : नर्सने पट्टा सोडला, पुन्हा बांधला,
मग दुसऱ्या हाताला बांधला.
एकशे बहात्तर, एकशे चार.
"मॅडम, जिना चढून आलात का?"
नाही हो. इथेच होते.
एकवीस वर्षं इथेच आहे.

झरीनने पाणी पुढे सरकवलं.
कुणीतरी म्हणालं, पण या तर किती शांत आहेत!
वाटलं, आता टिपणीस काहीतरी लावून देईल.
ती फॉर्म भरत होती. मान खाली. पेन थांबलेलं.

रिकामा रकाना दिसला की माझा डोळा तिथेच जातो,
त्याचाच पगार घेते मी.
नाव, वय, पाळी केव्हा बंद झाली, सगळं भरलेलं
तिच्या त्या ठसठशीत अक्षरात.
छातीत गाठ : आहे / नाही.
पुढे फक्त पेनाचा एक ठिपका,
दाबून दाबून मोठा झालेला.

"टिपणीस, हा राहिला."
"तुझं बघ आधी!" कपबशा वाजल्या.
आणि मग एक आवाज, जो मी कधी ऐकला नव्हता,
बहुधा घरी नळ सोडून ठेवल्यावरचा :
"जानेवारीपासून आहे, कुंदा.
मला हळू सांगता येत नाही काही.
आणि हे ओरडून कसं सांगायचं?"

साडेपाचला साठेसाहेब फाईल घेऊन आले. मंगळवारपर्यंत हवी.
मी म्हटलं, "मंगळवारी नाही."
आवाज मध्येच फाटला.
त्यांना वाटलं, सर्दी झालीय.
पुन्हा म्हटलं.

आता टेबलावर रजेचे दोन अर्ज आहेत,
एक परळला तपासून घ्यायचा,
एक तिथल्या बाकावर शेजारी बसायचा.
कारण या रकान्यात मी सवयीने लिहिलं : घरगुती.
टिपणीसने पेन ओढून घेतलं, खोडलं,
आणि आता तिलाही सुचत नाहीये.
झरीन विचारते, एसी बंद करू?
आम्ही दोघी एकदमच बोलतो.
ती म्हणते, कर.
मी म्हणते, राहू दे.