षट्कर्णी

शनिवारी बाणेरला, चौथ्या मजल्यावर आम्ही पाचजण.
खाली डोशाच्या तव्यावर पाणी मारल्याचा चर्र आवाज,
खिडकीच्या काचेवर मेट्रोच्या कामाची धूळ.
एसी बंद. शनिवारी बिल्डिंगवाले लावत नाहीत.

ढमढेरे म्हणाले, नऊ वर्षं काही अडलं का?
एक एक्सेल होती. नाव ‘जेवणाची यादी’,
म्हणजे चोराला वाटावं, आत भेंडी आणि वरण.
आत एकशे बारा ओळी,
आठ जिल्ह्यांतल्या पतसंस्थांचे सगळे दरवाजे,
कुलपाशेजारीच खिळ्याला किल्ली.

मी म्हटलं, सर, मागच्या मंगळवारी
ऋग्वेदनं ही यादी चुकून ग्राहकाला पाठवली.
ग्राहकाचं उत्तर आलं : भेंडी नको.
त्यानं फाइल उघडली नाही
असं आपण धरून चाललोय.

ढमढेरे चष्मा पुसायला लागले.

मग मी तिजोरी उभी केली.
सॉफ्टवेअरच, पण जन्मतःच मिटलेलं.
तिनं पडद्यावर पाच किल्ल्या दाखवल्या, एकदाच,
लांबलचक अक्षरं, कुणाच्याच वाढदिवसाची नसलेली.
पाचांना पाच.
उघडायला त्यातल्या कुठल्याही तिघांच्या लागतील.
एकट्या मालकाला ती ओळखत नाही.

फरजानानं आपली पेनानं कागदावर उतरवली,
दोनदा ताडून पाहिली, घडी घालून
चष्म्याच्या डबीत ठेवली.
ऋग्वेदनं मोबाइलवर फोटो काढला,
आम्ही चौघं एकदम ओरडलो, त्यानं पुसला.
गोडांबे मॅडमनी विचारलं, पाचातल्या एकानं
नोकरी सोडली तर?
त्यांचा इंटरव्ह्यू चालू आहे कुठंतरी, खराडीला.
मला माहीत आहे. हे कुठल्या ओळीत लिहू?

जुनी माणसं सांगायची,
गोष्ट सहा कानी गेली की फुटली.
इथं उलटं.
सहा कान जमल्याशिवाय हिचं तोंडच उघडत नाही.

मग ओळी हलवायला घेतल्या.
जुना पासवर्ड वाचायचा, नवा घडवायचा, जुना मारायचा.
फरजाना मोठ्यानं वाचत होती.
ओळ सात : ढमढेऱ्यांची पहिली स्कूटर, एमएच बारासकट.
ओळ तेवीस : एका जुन्या मॅनेजरला शिवी,
शेवटी उद्गारचिन्ह,
कारण नियमच होता, एक विशेष चिन्ह हवं.
मग नुसतं अ‍ॅडमिन एकदोनतीन,
अ‍ॅडमिन एकदोनतीन, अठरा वेळा.
हसून हसून ऋग्वेदला ठसका लागला.

ओळ शहाऐंशी माझी होती.
सहा वर्षांपूर्वी, रात्री, घाईत,
पहिलं सुचलं ते टाकलेलं :
एक नाव,
आणि पुढं जे साल आम्ही दोघांनी ठरवलं होतं, ते.
फरजाना तिथं थांबली.
बाटलीचं झाकण काढलं, पाणी प्यायली,
झाकण लावलं.
म्हणाली, शहाऐंशी. हाही फिरवू?
फिरव.
चौतीस अक्षरं आली.
त्यांत कुणीच नव्हतं.

आता सगळ्याची नोंद राहील :
कुणी वाचलं, किती वाजता, कुठल्या मशीनवरून.
सोमवारी टीमला हेच शिकवायचंय,
दहा स्लाइड, मध्ये चहा.
ढमढेऱ्यांनी ‘जेवणाची यादी’ स्वतःच्या हातानं डिलीट केली,
मग कचऱ्याच्या डब्यातूनही,
आणि पुन्हा एकदा डबा उघडून पाहिला.

तिला मात्र नोंद नव्हती.
सहा वर्षं, चोवीस माणसं.
बॅकअप पडला की रात्री दोन वाजता
त्यांच्यातलं कुणीतरी ते नाव टाइप करायचं,
चुकलं तर पुन्हा, सावकाश, एकेक अक्षर,
आणि सकाळी जिन्यात भेटल्यावर
मला विचारायचं,
काय, झाला का नाश्ता?