खैरनारांचं बोट

अंबडला रात्रपाळीत मी दारं राखते.
दारं म्हणजे हिरवे ठिपके.
तीन पतसंस्था, एक द्राक्षांचा निर्यातदार,
एक दातांचा दवाखाना.

सोबतीला यंत्र. त्याला झोप नाही, चहा नाही.
सहा महिने ते नुसतं बघत बसलं होतं,
कोण कधी येतं, कसं टाइप करतं,
कुठे अडखळतं.
अडखळण्यावरून ते माणूस ओळखतं,
चेहऱ्याशी त्याला देणंघेणं नाही.

पंचवटी शाखेचे पुंडलिक खैरनार
एका बोटाने टाइप करतात, उजव्या हाताच्या मधल्या.
तर्जनी लहानपणी रसवंतीच्या चरकात गेली.
'ठेव' लिहिताना दर वेळी आधी 'ठवे',
मग मागे, मग 'ठेव'.
यंत्राने हे जपून ठेवलंय.
त्यांच्या बायकोलाही माहीत नसेल.

त्या रात्री दोन वाजून चौदा मिनिटांनी
खैरनार आत आले.
पासवर्ड बरोबर. ओटीपी बरोबर.
'ठेव' पहिल्याच फटक्यात बरोबर.
ठिपका लाल झाला.

लगेच फोन.
"मॅडम, खैरनार बोलतोय. तेवढं मोकळं करा ना,
सकाळी तपासणीला लोक यायचेत."
तोच आवाज, शेवटी ओढलेला तोच 'ना',
मागे पंख्याची घरघरसुद्धा.
डिसेंबरात.
बाहेर सात अंश, माझ्या पायावर शाल.
कुणीतरी उन्हाळ्यातला आवाज कापून आणला होता.

थांबा हं, म्हणाले मी.
तो थांबला. त्याने श्वासही घेतला,
अगदी जिथे माणूस घेईल तिथे.

म्हणजे पलीकडेही यंत्रच.
कदाचित आमच्याच्याच वर्गातलं,
त्याच फळ्यावर शिकलेलं.
एक कडी घालतं, दुसरं काढतं,
आणि कडी म्हणजे काय हे दोघांना सारखंच ठाऊक.
मधे मी, गार झालेला चहा
आणि खैरनारांचं बोट.

आजोबा गेले तेव्हा गंगेवर गेलो होतो.
गुरुजींनी विचारलं, गाव कोणतं, आडनाव काय.
मग लांबट वही सोडली, पानं उलटली,
आणि पणजोबांची सही पुढे केली.
'र'ची शेपटी खालच्या ओळीत घसरलेली.
वडील म्हणाले, आपलेच.
कशावरून, ते मी विचारलं नाही.
घरी आल्यावर त्यांनी दूधवाल्याचा हिशेब लिहिला
तेव्हा दिसलं.

फोन ठेवला. खैरनारांच्या घरचा नंबर
जुन्या रजिस्टरात होता, पेन्सिलीने लिहिलेला.
खूप वेळ वाजला.
"कोन?"
झोपेतला, कफाने भरलेला, चिडका आवाज.
मागे पंखा नाही, एक कुत्रं.
खैरनार, तुम्हीच ना?
"मंग काय माझा बाप?" म्हणाले, आणि खोकले.
कुणाच्या खोकल्याचं इतकं बरं
मला कधी वाटलं नव्हतं.

खातं गोठवलं. अहवाल लिहिला.
अहवालात श्रेय यंत्राला गेलं, ते ठीकच.
पंखा मात्र मी ऐकला होता,
त्यासाठी रकाना नव्हता.

पुढच्या मंगळवारी यंत्राने मलाच अडवलं.
नाव माझं, पासवर्ड माझा,
पण त्या रात्रीपासून माझी बोटं हळू चालतात म्हणे,
प्रत्येक अक्षरापाशी थांबून.
पडद्यावर प्रश्न आला:
आपण वृंदा दातीर आहात का?
खाली 'होय'. त्याच्या शेजारी 'नाही'.

कारखान्यांच्या बसेस यायला लागल्या होत्या,
दिवे अजून चालूच.
मी पडद्याकडे बघत राहिले.
वाटलं, खैरनारांना फोन लावावा,
म्हणावं, झोपेतून उठवतेय पुन्हा, माफ करा,
पण जरा ऐकून सांगा ना,
ही मीच आहे का.