निशाणी : करवत

पक्षाच्या वहीचं पहिलं पान मराठीत आहे,
दुसऱ्यापासून गुजराती,
कारण मोहिले सरांच्या अक्षराला
दमयंतीबेन पहिल्याच बैठकीत वैतागल्या.

खारीवाव रोडवर, छापखान्याच्या वरची खोली.
अकरा माणसं, नऊ खुर्च्या, सेव-उसळीच्या प्लेटा.
ठराव क्रमांक एक : विश्वामित्री ही नदी आहे,
नाला नव्हे.
शेवटचे दोन शब्द सुर्व्यांनी हट्टानं घालायला लावले.
एकमतानं मंजूर.

निशाणी मागितली वडाची.
गावाच्या नावातच वड, नाही कोण म्हणेल?
कचेरीतल्या साहेबांनी यादी सरकवली.
कपबशी गेलेली, शिट्टी गेलेली,
शिलाई मशीन एका अपक्षानं आधीच पटकावलेलं.
आमच्या वाट्याला करवत.

महिनाभर दारोदार सांगत फिरलो :
झाडं वाचवा, करवतीवर शिक्का मारा.
प्रतापनगरात एका म्हातारीनं विचारलं,
‘तमे सुथार छो?’
तिच्या दाराची कडी लागत नव्हती.
पाध्यांनी तिथंच बसून ती ठोकून दिली.
मतं पडली तीनशे सात.
त्यातलं एक कुणाचं, एवढं आम्हाला माहीत.

पुढच्या निवडणुकीआधी पूर आला.
सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्कूटरला टेकून,
सात फुटी मगर.
नगरसेवकाचा फोन बंद, म्हणून लोकांनी आम्हाला लावला.
दोर आणि गोणपाट घेऊन सर गेले, मागून पाध्या.
ओलं पोतं डोळ्यांवर टाकलं की मगर शांत होते.
‘मतदारही,’ सर म्हणाले,
आणि मग दिवसभर त्याचं वाईट वाटून घेत राहिले.

त्या खेपेला दमयंतीबेन निवडून आल्या. चाळीस मतांनी.
पाच वर्षं सभागृहात एकच प्रश्न :
काठावरची जमीन कुणाच्या नावावर आहे?
पाच वर्षं एकच उत्तर :
माहिती गोळा करण्याचं काम चालू आहे.

मग सुशोभीकरण हा शब्द आला.
सुर्वे त्याच्याबरोबर गेले.
भांडण असं झालं नाही; त्यांनी खोलीची किल्ली
एका पाकिटात घालून परत पाठवली.
आता फरसबंदीच्या कोनशिलेवर
त्यांचं नाव चौथं आहे.

शेवटची मतं चौऱ्याण्णव.
सर गेले त्या वर्षी. पाध्या मुलाकडे, सुरतेला.
हिशेब न भरल्याबद्दल यादीतून वगळल्याचं पत्र
मला आलं. खजिनदार मी.
हिशेब तयार होता. सही करायला
अध्यक्ष उरला नव्हता.

काल बँकेत गेलो, खातं बंद करायला.
अकराशे चाळीस रुपये.
येताना काळाघोड्याच्या पुलावर थांबलो.
खाली गाळात एक पडली होती, जबडा उघडा टाकून,
कोनशिलेपासून वीस पावलांवर.
ठराव क्रमांक एक कुणी रद्द केलेला नाही,
वही माझ्याकडेच आहे.

फॉर्मवर एक रकाना होता : बंद करण्याचं कारण.
मी तो कोरा ठेवला.
काउंटरवरच्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं,
आणि स्वतःच लिहिलं : इतर.